सगळ्यांचे दादा

"अहो, जरा हात लावायला येता का? आईंची कूस बदलायचीय," आतून बायकोची हाक आली.

"आलोच," चष्मेवाला म्हणाला आणि पुन्हा फोनमध्ये बुडाला.

चष्म्यांचं दुकान बंद करून घरी आला की तो खुर्चीत बसायचा तो फेसबुकच्या ग्रुपवरच. अंथरुणाला खिळलेल्या माणसांची घरी सेवा करणाऱ्यांचा तो ग्रुप. त्याने वाचून मंजूर केल्याशिवाय कुणाचीही पोस्ट इतरांना दिसत नसे. भांडणं सोडवायची, जडीबुटीवाल्यांना हाकलायचं, रडणाऱ्यांना धीर द्यायचा. दमडी मिळत नव्हती, पण सगळे त्याला दादा म्हणत. बायको पूर्वी याला लष्कराच्या भाकऱ्या म्हणायची. हल्ली तेही म्हणत नव्हती.

आज मंजुरीसाठी एक निनावी पोस्ट येऊन पडली होती. 'सासूबाई अंथरुणाला आहेत. आता मला ओळखत नाहीत, मलाच आई म्हणून हाक मारतात. त्याचं काही नाही. पण एकटीने उचलून उचलून माझी कंबर गेली. नवरा वाईट नाही, व्यसन नाही, संध्याकाळी घरातच असतो. हाक मारली की आलोच म्हणतो. माणूस असून नसल्यासारखा झाला की काय करायचं?'

चष्मेवाल्याने पोस्ट पुन्हा पहिल्यापासून वाचली. सुनेला आई म्हणणारी म्हातारी त्याच्याच घरात होती.

नवराबायकोची गाऱ्हाणी इथे चालणार नाहीत, हा नियम त्यानेच केलेला. एक बटण दाबलं की पोस्ट नाहीशी, कुणाला पत्ताही लागला नसता. अंगठा तिथवर गेलाही. पण माणूस लबाड नव्हता. त्याने पोस्ट मंजूर केली आणि आपण फार मोठं मन दाखवलं असं त्याला वाटलं.

उत्तरं धडाधड येऊ लागली. कुणी नवऱ्याचा उद्धार केला, कुणी कमरेचा पट्टा सुचवला. मग एका नर्सबाईंनी लिहिलं, 'दादा, तुम्हीच समजवा हो यांना. तुमच्यासारखं इथे कुणाला जमत नाही.'

"अहो, येताय ना?"

"एकच मिनिट. तुझंच काम करतोय."

तो मन लावून लिहू लागला. ताई, चूक तुमची नाही, तुमच्या नवऱ्याची आहे. त्याला लाज वाटत असेल, म्हणून तो उठत नसेल. शब्द खोडले, पुन्हा लिहिले. लिहिता लिहिता त्याचे डोळे भरून आले. इतकं खरं तो आजवर कुणाशीच बोलला नव्हता. उत्तराखाली भराभर लाल बदाम उमटले, तेव्हा कुठे तो उठून आत गेला.

आईची कूस बदलून झाली होती. पाठीला उशी लावून ती भिंतीकडे तोंड करून झोपली होती. बायको पलंगाशी जमिनीवर बसली होती, दोन्ही हात कमरेवर दाबून. फळीवर तिचा फोन सारखा थरथरत होता.

"ती पोस्ट... मी उत्तर दिलंय," तो हळूच म्हणाला. "बघ तरी."

"चांगलंच दिलं असेल," ती म्हणाली. फोनकडे तिने पाहिलंही नाही. "जाताना तेवढं दार ओढून घ्या. आईंचा आत्ताच डोळा लागलाय."