न दुखणारी गाठ

जिभेखाली वाटाण्याएवढी गाठ आली होती, पण दुखत नव्हती. वाचताना मी ती बोटाने चाचपत बसायचो. तेव्हा शेजारी पत्नी कण्हायची. वर्षापूर्वीच्या पक्षाघाताच्या झटक्यानंतर तिची वाचाच गेली होती. मला वाटायचं, माझं सदा पुस्तकात डोकं खुपसणं तिला आवडत नसेल.

दवाखान्यात तिला बाहेर बाकावर बसवून मी आत गेलो.

"लाळेची नळी तुंबली असेल, नाहीतर आत खडा असेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "छोटासा छेद दिला की सुटलात." त्यांनी गाठ दाबली. "दुखतंय?"

मी मानेनेच नाही म्हटलं.

"आई गं!" बाहेरून आवाज आला.

तिच्या त्या आवाजासाठी मी वर्षभर जीव टाकत होतो.

"काकांपेक्षा काकूच भित्र्या!" बाई हसल्या. त्यांनी सुई टोचून माझी जीभ बधिर केली, तोंडात कापूस कोंबला आणि पुन्हा दाबलं.

"अहो, दुखतंय हो!" बाहेरून ती ओरडली.

मी बाईंचं मनगट घट्ट धरलं. तोंडातून नुसती घरघर निघाली.

"घाबरू नका, काका. तुम्हाला काहीच कळणार नाही." हात सोडवून घेत त्यांनी पातं उचललं.

बाहेर ती रडू लागली.

"अहो, त्यांना सांगा ना!"