उजवीकडचा ‘मे’

“एक ‘मे’ सरळ काढायचा, दुसरा उलटा, आरशात दिसतो तसा. दोघं एकमेकांकडे बघतायत असं वाटलं पाहिजे. आणि ज्याच्यासाठी मागतेस, त्याला कळू द्यायचं नाही.”

आठवणीतला सासूबाईंचा आवाज इथवर येऊन थांबला. मित्सुएच्या हातातला कुंचला शाईत भिजून तयार होता. ‘मे’ हे अक्षर, आणि ‘मे’ म्हणजेच डोळा. डोंगरावरच्या याकुशी बुद्धाच्या, दुखणी बरी करणाऱ्या बुद्धाच्या देवळात, नवस बोलताना लाकडी पाटीवर हे अक्षर दोनदा काढून टांगायचं. दृष्टी परत आली की आभाराची पाटी न्यायची. मागायचं कसं, ते सासूबाईंनी शिकवलं होतं. मागितलेल्यातलं अर्धंच मिळालं तर फेडायचं कसं, ते सांगायचं राहून गेलं.

काल डॉक्टरांनी तिच्या नवऱ्याच्या, तामोत्सुच्या डोळ्यांवरची पट्टी काढली. उजव्या डोळ्याला दिसू लागलं. डाव्याची आशा ठेवू नका, म्हणाले.

“एवढी घाई काय आहे?” शेजारची इसोनोबाई ओसरीच्या कडेला बसून बांबूचे कोवळे कोंब सोलत होती. “अर्धंच छप्पर शाकारलं, तर शाकारणाऱ्याला कोणी निरोपाचं जेवण घालतं का? पाटी अडवून धर. म्हणावं, दुसरा डोळा दे, मग आणते.”

“देवाची अडवणूक करू?”

“देव नाही का करत आपली? आणि चहासुद्धा सोडू नकोस. म्हणजे, सोडलेला धरू नकोस.” इसोनोबाईला आपल्याच बोलण्याचं हसू आलं. “बघतेस काय? चहाच्या गावात चहा न पिणारी बाई लपते होय? अख्ख्या आळीला ठाऊक आहे. तुझ्या नवऱ्याला तेवढं दिसत नव्हतं, म्हणून.”

मित्सुएने मान खाली घातली. तामोत्सुची दृष्टी गेली तेव्हा तिने नवसापोटी चहा सोडला होता. तो शेजारी चहा घ्यायचा, तेव्हा ती रिकामा कप ओठाला लावून खाली ठेवायची. दोन वसंत असेच गेले.

तिने पाटीकडे पाहिलं. एकच ‘मे’ काढावा, तर डाव्या डोळ्यावर आपणच पाणी सोडल्यासारखं होईल. दोन काढावेत, तर देवापुढे खोटं. आणि काहीच न काढता बसावं, तर मिळालेला एक डोळा न मिळाल्यात जमा.

परसातून पावलं वाजली. तामोत्सु चहाची पानं वाफवायच्या खोलीतून आला. हात भिंतीला लावलेला नव्हता. मुठीत नव्या चहाची सुकलेली पानं होती. ओसरीच्या उजेडाला येऊन त्याने मूठ उघडली, डोळ्याजवळ नेली, मान तिरकी करून बराच वेळ पाहिलं.

“जास्त वाफवलाय,” तो म्हणाला. “रंग मेलाय. हे असलं बाजारात धाडत होतात तुम्ही लोक?”

“आला रे बाबा, परत आला,” इसोनोबाई म्हणाली. “आंधळा होता तेव्हा गोड होता.”

मित्सुए हसली नाही. नवऱ्याच्या तळहातावरची ती हिरवी पानं तिने नीट पाहून घेतली. मग कुंचला उचलला आणि पाटीच्या उजव्या अंगाला एक ‘मे’ काढला. सरळ. डावं अंग कोरं ठेवलं. कुंचला धुऊन टाकला.

इसोनोबाईच्या हातातला कोंब तसाच राहिला.

तामोत्सु आत जाऊन तबक घेऊन आला. किटली, गरम पाणी, दोन कप. पाणी थोडं निवेपर्यंत तो थांबला, मग किटलीत टाकलेल्या त्याच पानांवर ओतलं. तो अजून पानं उमलायची वाट पाहत होता, तोच मित्सुएचा हात सवयीने आपल्या कपाकडे गेला. तिने तो रिकामाच ओठाला लावला आणि खाली ठेवला.

“रिकाम्या कपाचा आवाज वेगळा येतो, मित्सुए.”

तिचे कान तापले. “कधीपासून कळतंय?”

“पहिल्या दिवसापासून. दिसत नव्हतं. ऐकू येत होतं.”

“मग बोलला का नाहीत?”

“बोललो असतो तर तुझा नवस फुकट गेला असता.” त्याने किटलीचं झाकण नीट बसवलं. “आणि माझे डोळे.”

“माझं पाणी चुलीवर आहे,” असं म्हणून इसोनोबाई उठली. कोंब गोळा करून घेतले, सालं तिथेच राहिली.

तामोत्सुचं लक्ष पाटीकडे गेलं. तो वाकला.

“मे,” त्याने वाचलं. शाळेतल्या पोरासारखं, मोठ्याने. मग विचारलं, “एकच?”

“एकच.”

कोऱ्या बाजूकडे तो बराच वेळ बघत राहिला. डाव्या पापणीवर बोट ठेवलं, काढलं. काल डॉक्टर बोलले तेव्हापासून त्या डोळ्याचं नाव घरात कोणी काढलं नव्हतं.

“बरोबर आहे,” तो म्हणाला.

शाई वाळली होती. मित्सुए उठली, केसांवर रुमाल बांधला. किटलीतला चहा आता कडवट होत चालला असणार, दोघांनाही ते कळत होतं.

“तुम्ही घ्या,” ती म्हणाली. “मला देवळातून आल्यावरच.”

“हा काय प्यायचा! जास्त वाफवलाय म्हटलं ना.” त्याने तिचा कप तबकात पालथा घातला. मग त्याच्या शेजारी स्वतःचाही. “तू आलीस की आधीच्या डब्यातला काढतो.”

तिने चपला घातल्या. देवळात न्यायची पाटी कापडात गुंडाळून नेतात. कापड तिने घडी करून खांद्यावर टाकलं, पाटी छातीशी धरली आणि अक्षर वाटेकडे करून चहाच्या ओळींमधून डोंगर चढू लागली.