शेवटचा इंच

कारंज्याच्या रऊफसेठकडे विलायती चिरुटांची पेटी आली, की पहिला चिरूट ओढायला उस्मानमियांनाच बोलावणं जायचं. पान कुठलं, किती मुरलेलं, हे ते एका झुरक्यात सांगायचे. चिरुटाचा खरा कस शेवटच्या इंचात लागतो म्हणून डोळे मिटून, राख न झाडता, तो पार बोटांपर्यंत ओढायचा ही त्यांची रीत.

आजही अर्धा चिरूट संपेस्तोवर स्वारी खूश होती. "पान अव्वल हाये सेठ. मधावानी गोड." शेवटच्या इंचाला मात्र कपाळावर आठी चढली. "पन आता कातडं जळल्यावानी वास येऊन राह्यला. पेटी वापस धाडा."

"उस्मानमिया, बोटं जळून राह्यली तुमची!"

त्यांनी डोळे उघडले. निखारा दोन बोटांना भिडून कातडी काळी पडली होती, आणि त्यांना काहीच कळलं नव्हतं. सेठची नजर बोटांवरून मनगटावर गेली. तिथला फिक्कट चट्टा उस्मानमियांनी वर्षभर उष्णतेचा म्हणून सोडून दिला होता.



रऊफसेठनी हळूच आपली खुर्ची मागे ओढली.