जरा लक्ष ठेवा

"आजी, जरा लक्ष ठेवा हो. पहिल्यांदाच एकटी निघालीये," उदगीर स्टँडवर बाबांनी खिडकीतून माझ्या शेजारच्या आजींना सांगितलं. दहावी झाली होती आणि कॉलेज सुरू व्हायच्या आधीच्या उन्हाळी शिबिराला मी पुण्याला चालले होते. हिला एकटीला जमेल का, यावर घरात आठवडाभर चर्चा झाली होती.

बाबा पाण्याची बाटली आणायला गेले, तेवढ्यात आजींचा मुलगा मला हळूच म्हणाला, "ताई, आईकडे जरा लक्ष असू द्या. पहिल्यांदाच एकटी निघालीये."

मग दोघींनी मन लावून काम केलं. नऊ तासांत एकीनेही डुलकी काढली नाही. जेवणाच्या थांब्यावर बाथरूमबाहेर मी त्यांची पिशवी धरली, मग त्यांनी माझी.

पुण्यात उतरल्यावर आजींनी बाबांना फोन लावला. "पोचवली हो तुमची पोरगी." मीही त्यांच्या मुलाला तेच कळवलं.

शिबिराच्या हॉस्टेलपाशी एक बाई लेकीला सोडायला आल्या होत्या. जाता जाता त्या माझ्याकडे वळल्या.

"ठेवते लक्ष," मी आधीच म्हणाले. "फक्त तिलाही सांगा, माझ्याकडे ठेवायला."