वरून घातलेलं पाणी

गौराबाईनं आपला पोहरा आडाच्या कठड्यावर ठेवला आणि पाण्याला आलेल्या बायकांची तोंडं एकदम मिटली. महारवाड्यातल्या बाईनं कठड्यापर्यंत यायचं नसतं. खालच्या दगडावर घागर ठेवून बसायचं, कुणाला दया आली की तिनं वरून पाणी घालायचं, अशी अणदूरकडच्या त्या गावाची रीत.

शेजारी मल्लम्मा उभी होती. महालिंगप्पा वाण्याची थोरली सून आणि समता मंडळाची सभासद. निजामाच्या राज्यात सभेला परवानगी लागायची, म्हणून मंडळ भजनाच्या नावावर जमे. तिथं सगळे एकाच घोंगडीवर बसत. मंडळाच्या वहीत मल्लम्माच्या सहीखाली गौराबाईचा अंगठा होता. सोमवारी ठरलं, गौराबाई आपल्या हातानं पाणी शेंदणार. मल्लम्मानं गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरून शब्द दिला, "मी तुझ्याजवळ उभी ऱ्हाते." पुरुष सभासदांनी तर छाती ठोकली होती. बोलाचीच कढी ती. आज सकाळी दोघांना खंडोबाच्या दर्शनाची आठवण झाली आणि उरलेल्यांचं अंग मोडून आलं.

मल्लम्मा मात्र आली होती. याचा तिला मनातून थोडा ताठाही होता.

गौराबाईनं पोहऱ्याला नवा दोर बांधला, गाठ ओढून पाहिली. तेवढ्यात चावडीकडून महालिंगप्पा येताना दिसले. बरोबर पोलीस पाटील, हातात वेताची काठी.

महालिंगप्पा ओरडले नाहीत. ते कधीच ओरडत नसत.

"मल्लम्मा, काय चाललंय?"

या प्रश्नाचं उत्तर तिनं दळताना दहा वेळा घोकलं होतं. पण हातानं आधी पदर डोक्यावर ओढला आणि तोंडातून भलतंच निघालं.

"काय न्हाय, मामा. पानी घालतेय हिला."

बोलून गेली, मग करणं आलं. गौराबाईची घागर अजून खालच्या दगडावरच होती. मल्लम्मानं आपली भरलेली घागर उचलली, खाली आली आणि वीतभर वरून धार धरली. पंधरा वर्षं ती असंच पाणी घालत आली होती. तिच्या हाताचं गावात कौतुक होतं, विटाळाचा एक थेंब उलटा अंगावर उडायचा नाही. आजही उडाला नाही.

"पुन्न्याचं काम हाय. घाल," महालिंगप्पा म्हणाले. मग पाटलाकडे वळले. "चला पाटील. कुनीतरी उगंच कान भरले तुमचे."

दोघं माघारी फिरले. बायकांची बडबड पुन्हा सुरू झाली. मल्लम्मानं सुस्कारा सोडला. बरं झालं, गौराबाईचा मार चुकला, असंही तिला क्षणभर वाटलं. मग तिनं मान वर केली. गौराबाई कठड्याजवळून तिच्याकडे बघत होती. मल्लम्माला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मार कुणाचा चुकला, ते तिला चांगलं ठाऊक होतं.

गौराबाई खाली उतरली. मंडळात ती मल्लम्माला अक्का म्हणायला शिकली होती. शिकायला तिला दोन महिने लागले होते.

"मालकीनबाई," ती म्हणाली, "पानी तर तुमी रोजच घालता. आज निस्तं उबं ऱ्हावा म्हनलं व्हतं."

तिनं काठोकाठ भरलेली घागर तिथंच कलती केली. सगळं पाणी दगडावर गेलं. रिकामी घागर कडेवर घेऊन ती परत कठड्याशी गेली आणि तिनं पोहरा आडात सोडला. चाक करकरलं. चावडीच्या वळणावर दोन माणसं थांबली.

मल्लम्मानं हातातली घागर खाली ठेवली. अजून वेळ गेली नव्हती. कठडा चार पावलांवर होता. मामा पोचायच्या आत जायचं आणि गौराबाईच्या खांद्याला खांदा लावून उभं राहायचं, एवढंच तर होतं. ती निघाली.

वाटेत गौराबाईच्या घागरीतलं पाणी पसरत आलं होतं. मल्लम्मानं लुगड्याचा काठ चटकन वर उचलला आणि पाऊल मागं घेतलं.

मग तिच्या ध्यानात आलं, आपण काय केलं ते.

कुणी पाहिलं नव्हतं. बायकांच्या नजरा चावडीकडे होत्या, गौराबाई पाठमोरी दोर ओढत होती. महालिंगप्पांच्या वहाणा वाजत जवळ येत होत्या. पोहरा वर येत होता. आणि मल्लम्माच्या मुठीत लुगड्याचा काठ अजून तसाच वर धरलेला होता.