बाराचं माप

“वितळवा,” ती म्हणाली. “माझ्या डोळ्यांदेखत.”

कारागिराने अंगठी चिमट्यात धरली, पण ज्योत पेटवली नाही. आधी वही उघडली. त्याच्याकडे तयार अंगठी मिळत नसे. गिऱ्हाइकाने मनातलं सांगायचं, त्याने पेन्सिलीने काढायचं, अशी पद्धत. त्याच सकाळी एका पोहणाऱ्या बाईंनी अंगठीवर लाट मागितली होती आणि एका निवृत्त पोस्टमनने आपल्या कुत्र्याच्या पंजाचा ठसा.

“तुम्हाला काय हवंय, ताई?”

“काहीही चालेल. फक्त पानं नकोत.”

चिमट्यातल्या अंगठीवर बारीक पानांची वेल गोल फिरली होती. अंगठी तिच्या नवऱ्याच्या पहिल्या बायकोची. पहिलीला जाऊन चार वर्षं झाली होती, हिच्या लग्नाला एक. आजारपणात गेली, एवढंच हिला ठाऊक. पुढचं हिने विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. मागच्या आठवड्यात कपाटात डबी सापडली, तेव्हा खोलीचं दार लावून तिने अंगठी बोटात घालून पाहिली. बेतून केल्यासारखी बसली. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे बोटंसुद्धा सारखीच! मापावरूनच निवडलं की काय मला?

“हिचं सोनं घालून मला नवी करायचीय,” असं तिने जेवताना सांगून टाकलं. नवऱ्याने हातातला घास खाली ठेवला. “तुला हवं ते कर,” म्हणाला. भांडला असता तर तिला बरं वाटलं असतं. दुकानाचा पत्ता डबीच्या झाकणावरच होता. आज त्यानेच गाडीतून आणून सोडलं, पण जिना काही चढला नाही. “मी खालीच थांबतो.” बघवणार नसेल, तिने मनात म्हटलं. थांब म्हणावं खालीच.

शिवाय ती सवय. रोज सकाळी चहाच्या वेळी तो तिचा हात हातात घ्यायचा, लग्नातली अंगठी बोटावर जराशी फिरवून बघायचा आणि विचारायचा, “सैल होत नाही ना?” पहिला महिनाभर तिला गोड वाटलं. मग डोक्यात जायला लागलं. हात माझा धरायचा आणि बोट भलतीचं आठवायचं! हल्ली ती हात ओढून घ्यायची.

“बोट द्या, माप घेतो,” कारागीर म्हणाला.

तिची स्वतःची अंगठी निघेना. शेवटी साबणाचा हात लावून काढली.

“ही घट्ट होतेय तुम्हाला. एक माप वाढवून देऊ?”

“माझ्या अंगठीचं राहू दे. आधी ती जुनी वितळवा.”

मापाच्या कड्यांच्या जुडग्यातलं बारा नंबरचं कडं तिच्या बोटात नीट बसलं. त्याने वहीत आकडा टाकला आणि ज्योत पेटवली. जुनी अंगठी तापत गेली. लाल होऊ लागली तशी पानांच्या मधोमध एक काळी रेघ उमटली. मग दुसरी. पलीकडच्या बाजूला तिसरी.

“हे काय?”

“जोड. जोडातलं सोनं हलकं असतं, तापलं की वेगळं दिसतं. मुशीत टाकायच्या आधी तेवढं कापून काढावं लागतं.” ज्योत बारीक करून त्याने डोळ्याला भिंग लावलं. “ही माझ्याच हातची. अठराच्या मापाची केली होती.”

“अठरा? ती तर मला बसते.”

“नंतर लहान केली. दर वेळी एक पान काढलं. एकाच बाजूने कापलं तर वेल लंगडी दिसते, म्हणून तीन ठिकाणी कापलंय. आठ महिन्यांत तीनदा.”

तिने आपल्या बोटाकडे पाहिलं. कडं अजून त्यातच होतं.

“आठ महिन्यांत बोट इतकं बारीक होतं?”

तो पुन्हा भिंगातून जोड बघू लागला. एका गिऱ्हाइकाचं दुसऱ्याला सांगायची त्याची रीत नव्हती.

“सांगा ना, काका.”

“बाई कधी आल्याच नाहीत. उठवत नव्हतं त्यांना. साहेब यायचे, बोटाच्या मापाला गाठ मारलेला दोरा घेऊन. म्हणायचे, सकाळी चहा पाजताना बघितलं, पुन्हा सैल झालीय.” त्याने भिंग खाली ठेवलं. “चौथ्यांदा आले तेव्हा दोरा बघून मीच म्हटलं, आता कापायला नको, आतून दोराच गुंडाळा. ते या जिन्यावरून उतरले ते पुन्हा दिसले नाहीत.”

त्याने अंगठी पाण्यात बुडवली. चुर्र झालं. पुसून त्याने ती तिच्यापुढे ठेवली.

“मग? टाकू मुशीत?”

तिने नकारार्थी मान हलवली. दोन अंगठ्यांपैकी एक तिने डबीत ठेवून झाकण लावलं, दुसरी त्याच्याकडे सरकवली आणि काय ते दोन शब्दांत सांगितलं. मग जिना उतरली.

नवरा गाडीला टेकून उभा होता. नवी अंगठी कशी असणार, कधी मिळणार, काही विचारलं नाही. त्याची नजर थेट तिच्या हातावर गेली. बोट मोकळं होतं. भर रस्त्यात त्याने तिचा हात धरला आणि ते बोट चाचपलं.

“कुठे गेली? पडली का? सैल झाली होती?”

आज तिने हात ओढून घेतला नाही.

“अहो, घट्ट होत होती,” ती म्हणाली. “मोठी करायला टाकलीय.”