पूर्ण सही

मध्यस्थी केंद्रातला पंखा बंद होता. तरी लाँड्रीचे मालक त्याच्याकडेच बघत होते, जणू भाजलंय ते पंख्यालाच.

टेबलापलीकडे मावशी बसल्या होत्या. त्यांच्याकडे बघायचं म्हणजे गालापासून मानेपर्यंत चुरगळलेली कातडी बघायची, आणि उजव्या हाताची एकमेकींना चिकटलेली बोटं बघायची. दीड वर्षात मालकांना ते एकदाही जमलं नव्हतं. आपलं मन फार हळवं आहे, असं ते सगळ्यांना सांगत.

वाफेच्या इस्त्रीचा व्हॉल्व्ह गळतोय, हे मावशींनी त्यांना तीनदा सांगितलं होतं. तिसऱ्या वेळी या हळव्या माणसाने त्यावर स्वतःच्या हाताने फडकं गुंडाळून दिलं होतं. महिनाभराने फडकं उडालं आणि पाठोपाठ वाफ. तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलात मालकांचा मुकादम हजर. सोबत 'चूक माझीच' असा कागद आणि शाईचा पॅड. मावशी गुंगीत होत्या. तो बँडेज सोडून अंगठा शोधत असताना नर्सने त्याला पॅडसकट हाकललं. घाईत त्याचाच हात शाईत पडला आणि वॉर्डपासून लिफ्टपर्यंत भिंतीवर निळी बोटं उमटली. पुसायला दोन दिवस लागले म्हणे.

फडक्याचा उरलेला तुकडा वकीलबाईंनी पुराव्यात लावला होता. वकीलबाई वयाने लहान, मोफत कायदेशीर मदत केंद्राने दिलेल्या, पण चिवट. आज फाटकावरच्या वहीतही दोघींच्या सह्या त्यांनीच ठोकल्या होत्या. त्या फडक्यामुळेच मालक तडजोडीला आले होते. भरपाईचा आकडा ठरला होता. अडलं होतं एवढंच, की एकरकमी की हप्त्याने.

मालकांचे वकील म्हणाले, दरमहा हप्ता, चौदा वर्षं. वकीलबाई उसळल्या. त्यांनी कायद्याची तीन कलमं एका श्वासात सांगितली आणि चौथ्यासाठी श्वास घेतला, तेवढ्यात मावशींनी त्यांच्या कोपराला हात लावला.

"चालेल," मावशी म्हणाल्या.

ताप तर नाही ना आला, अशा नजरेने वकीलबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग चरफडत बँकेची हमी तेवढी मागून घेतली, म्हणजे लाँड्री बुडाली तरी पैसे बुडायला नकोत. मावशींची स्वतःची एकच अट होती. हप्ता मालकांनी स्वतः आणून द्यायचा आणि पावतीवर मावशींची सही होईपर्यंत समोर बसायचं. एकदाही चुकले, तर उरलेली रक्कम एकदम.

अट फुकटातली होती. मालकांच्या वकिलांनी ती घाईघाईने लिहून घेतली, मावशींचं मन बदलायच्या आत. मध्यस्थ साहेबांनी करारनामा छापून आणला. सहा पानं, प्रत्येक पानावर दोघांची सही. मालकांच्या सहाही सह्या अर्ध्या मिनिटात उरकल्या.

मावशींनी डाव्या हाताने ग्लास उचलला, पाणी पिऊन खाली ठेवला. मग उजव्या हाताच्या बोटांत पेन खोचलं.

पूर्वी पगाराच्या वहीत त्या सहीच्या जागी नुसता कोंबडीचा पाय काढून मोकळ्या व्हायच्या. आज त्यांनी पूर्ण नाव लिहायला घेतलं, वडिलांच्या नावासकट. पहिल्या अक्षराची उभी रेघ खाली यायलाच दीड मिनिट लागलं. बोटांची कातडी ताणून पांढरी पडत होती. मालकांनी मान वर करून पंखा गाठला.

पेन थांबलं.

"मालक, तुमचं लक्ष नाहीये," मावशी मायेने म्हणाल्या. "मी थांबते हवं तर."

मालकांनी मान खाली आणली. पेन पुन्हा चाललं. मालकांची नजर कॅलेंडरवर गेली की पेन थांबायचं, बुटांवर गेली तरी थांबायचं. पहिलं पान एकवीस मिनिटांत झालं. मालकांच्या वकिलांनी मोबाइलवर चौदा गुणिले बारा केलं, त्याला एकवीसने गुणलं आणि मोबाइल खिशात ठेवून दिला.

दुसऱ्या पानावर मालकांनी रुमाल काढला. "मावशी, अंगठा दिलात तरी चालेल हो."

"अंगठा न्यायला तुमचा मुकादम आला होता. तेव्हा नेला नाही. आता सहीच घ्या."

चौथ्या पानावर मालकांच्या ओठांचा रंग गेला. त्यांनी आपल्या वकिलांच्या कानात काहीतरी सांगितलं. वकिलांनी नको नको म्हणून मान हलवली. शेवटी मालक स्वतःच बोलले. "एकदम देतो सगळे. आजच चेक देतो. मिटवून टाकू."

वकीलबाई आनंदाने अर्ध्या उठल्या.

"नको," मावशी म्हणाल्या. "आता छापून झालंय."

वकीलबाई खाली बसल्या. मावशींनी पाचवं पान पुढे ओढलं.

पाऊण तासाने दोघी फाटकाशी आल्या. वकीलबाईंच्या हातात फायलींचा ढीग, चेहऱ्यावर हातातोंडाशी येऊन गेलेला चेक. दरवानाने वही पुढे सरकवली. येताना चाललं होतं, पण बाहेर जाताना ज्याची त्याने सही करायची, असा त्याचा नियम होता.

"अहो, त्यांना वेळ लागतो," वकीलबाई करवादल्या. "थांबा, फायली ठेवते आणि मीच..."

तोवर मावशींनी दोरीला बांधलेलं पेन डाव्या हातात घेतलं होतं. कोंबडीचा पाय झर्रकन उमटला. वर त्यांनी वेळही लिहिली, आणि अक्षर दरवानापेक्षा बरं होतं.

वकीलबाईंनी आधी वहीकडे पाहिलं, मग मावशींकडे. "हे कधी शिकलात?"

"हॉस्पिटलात, पहिल्याच महिन्यात." मावशींनी पेन दोरीला सोडून दिलं. "उजवा हात मालकांसाठी राखून ठेवलाय."